मूर्तिजापूर तालुका, जिल्हा कोणता?

आपल्याकडे वंशावळ हौसेने कमी आणि गरजेने जास्त शोधली जाते. मुलीचा इंजिनिअरिंगला नंबर लागतो, जात पडताळणीचा अर्ज भरायची वेळ येते आणि घरात पहिल्यांदाच कुणीतरी विचारते, आपल्या पणजोबांचे नाव काय होते? इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० या तारखांच्या आधीचा पुरावा मागितला जातो. वडिलांचा शाळेचा दाखला त्या तारखेला बहुधा पुरत नाही, म्हणून आजोबांचा शोध सुरू होतो. आजोबा शाळेत गेलेले नसतात. मग तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज, कोर्ट फीचा स्टॅम्प आणि आठ-पंधरा दिवसांच्या खेपा. हाती पिवळा पडलेला कागद येतो तेव्हा त्यावर आजोबांच्या वडिलांचे नाव असते आणि घरातल्या कुणीही ते आधी ऐकलेले नसते.

अर्ज मंजूर झाला की बहुतेक कुटुंबे इथे थांबतात. या प्रकरणात आपण थांबायचे नाही. अकोला जिल्ह्यातला मूर्तिजापूर तालुका घेऊ आणि तिथल्या एखाद्या शेतकरी घराची मुळे खणत किती खोल जाता येते ते पाहू. मी मूर्तिजापूर मुद्दाम निवडले, कारण या तालुक्याचा इतिहास माहीत नसेल तर तिथल्या घराण्याचा कागद सापडतच नाही. माणसे आपल्या गावात, आपल्या वावरात राहिली आणि त्यांच्या डोक्यावरचे सरकार, जिल्हा, राज्य मात्र बदलत गेले. कागदपत्रे सरकारच्या मागे गेली.

पहिला अडथळा जिल्ह्याचाच. ऑगस्ट १९०५ पर्यंत मूर्तिजापूर तालुका अमरावती जिल्ह्यात होता. त्या वर्षी वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांची फेरमांडणी झाली. एलिचपूर म्हणजे आजचे अचलपूर अमरावतीत मिळाले, वाशीम जिल्हा मोडला, वणी जिल्ह्याचा यवतमाळ झाला आणि मूर्तिजापूर अकोल्याला जोडले गेले. तेव्हा ‘आमचा जिल्हा अकोला, म्हणून जुने सगळे अकोल्यातच असणार’ असे धरून चालणारा माणूस १९०५ च्या उंबरठ्यावर अडतो. त्याने अमरावतीकडे वळले पाहिजे. छापील साधनांतही ही फोड दिसते. आल्फ्रेड लायल यांनी १८७० साली संपादलेले गॅझेटियर अख्ख्या वऱ्हाडाचे आहे. ब्राउन आणि नेल्सन यांचे १९१० चे अकोला गॅझेटियर उघडले की मूर्तिजापूर तिथे अकोल्याचा तालुका म्हणून भेटते.

कारंज्याच्या बाजूच्या लोकांचे काम याहून अवघड. कारंजा त्या काळी मूर्तिजापूर तालुक्यातच होते आणि तालुक्याच्या ठिकाणापेक्षा कितीतरी मोठे होते. १९०१ च्या जनगणनेत कारंज्याची वस्ती १६ हजारांवर भरली, मूर्तिजापूरची ६ हजारांच्या आसपास. पुढे १ जुलै १९९८ ला वाशीम जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला आणि कारंजा तिकडे गेले. म्हणजे पणजोबांचा जन्म अमरावती जिल्ह्यात, आजोबांचा अकोल्यात, नातवाचा दाखला वाशीमचा, आणि चारही पिढ्या त्याच एका घरात नांदलेल्या.

जिल्ह्याच्या वर राज्य. २१ मे १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिले. हैदराबादच्या तैनाती फौजेचा खर्च थकला होता, त्यापोटी. प्रदेश कागदोपत्री निजामाचाच राहिला, म्हणून इंग्रजी दप्तरात त्याचे नाव ‘हैदराबादचे नेमून दिलेले जिल्हे’ असे येते. ५ नोव्हेंबर १९०२ च्या कराराने वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे आले आणि १९०३ पासून मध्य प्रांताच्या कारभाराला जोडले गेले. त्याआधी वरचा पत्रव्यवहार हैदराबादच्या रेसिडेंटाकडे जात होता. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्य, १ मे १९६० पासून महाराष्ट्र. १९५० साली जन्मलेल्या मूर्तिजापूरकराने शाळा सोडेपर्यंत तीन राज्ये पाहिली. घरात जपलेल्या दाखल्यावर मध्य प्रदेश शासनाचे नाव दिसले की नवी पिढी चक्रावते. तो दाखला अस्सल आहे, एवढे या इतिहासावरून कळते.

आता जमिनीकडे येऊ, कारण आपल्या बहुतेक वंशावळी जमिनीच्या कागदांवरच उभ्या आहेत. नागपूरकडे मालगुजारी होती, वऱ्हाडात रयतवारी. हा फरक घराण्याच्या शोधात फार मोलाचा ठरतो. मालगुजारीत सरकारचा व्यवहार मालगुजाराशी, कुळे त्याच्या पोटात. रयतवारीत प्रत्येक वावर मोजलेले, त्याला सर्वे नंबर दिलेला आणि नंबरापुढे खातेदाराचे नाव. मुंबई इलाख्याच्या धर्तीवर वऱ्हाडात ही मोजणी १८६१ पासून सुरू झाली. साध्या शेतकऱ्याचे नाव सरकारी कागदावर कायमचे चढले ते या मोजणीने. त्याआधी निजामी आणि मोगली अमलात नावे उरली ती देशमुख, देशपांडे, पाटील, पटवारी यांची, कारण वतनाचा वारस ठरवायला त्यांची वंशावळ लागत असे. वतनदाराचे घर त्यामुळे बरेच मागे नेता येते. साध्या कुणब्या-माळ्याचे घर बहुधा मोजणीपाशी येऊन ठेपते.

पण या जुन्या कागदांत आडनाव शोधू नका. तिथे सापडेल ‘महादू वल्द गणू’. वल्द म्हणजे मुलगा, जोजे म्हणजे बायको, बेवा म्हणजे विधवा. एकाच गावात दोन गणू आणि तीन घरांत महादू असू शकतात, कारण नातवाला आजोबाचे नाव ठेवायची रीत. अशा वेळी नावाच्या मागे न जाता सर्वे नंबराच्या मागे जावे. माणसे सारख्या नावाची असतात, वावर एकच असते. आजच्या सातबाऱ्यावरचा गट नंबर घ्या, त्याचा जुना सर्वे नंबर काढा, फेरफार उलटे वाचत मागे जा, वाटेत मध्य प्रदेशाच्या काळातला अधिकार अभिलेख पाहा. कोणत्या सालात कोण मयत, वारस कोण लागले, वाटणी कशी झाली, हे क्रमाने उलगडते. लिपी बहुधा मोडी असते. साल फसली असेल तर त्यात ५९० मिळवावे: फसली १३१० म्हणजे इसवी सन १९०० ते १९०१. फसली वर्ष पावसाळ्यात सुरू होते, म्हणून एखाद्या वर्षाचा फरक पडतो.

वावराच्या कागदाला जोड हवी ती कोतवाल बुकाची. गावात कोण जन्मले, कोण मेले, याची नोंद गावकामगारांकडून वर जात असे आणि ती बुके आज तहसीलच्या रेकॉर्डात जपलेली असतात. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा राज्यभर शोध घेतला तेव्हा कोतवाल बुक, मोडी वाचक, गाव नमुना हे शब्द घरोघरी पोचले. विदर्भातल्या जुन्या माणसांना ते नवे नव्हते. नोंद अगदी आखूड असते. तारीख, बापाचे नाव, जात, आणि ‘मुलगा झाला’ किंवा ‘मुलगी झाली’. बाळाचे नाव बहुधा नसतेच, कारण नोंद बारशाआधी झालेली असते. त्यामुळे बुकात सापडलेला मुलगा आपले आजोबाच की त्यांचे लहानपणी गेलेले थोरले भाऊ, हे दुसऱ्या पुराव्याने ठरवावे लागते. बापाचे नाव जुळले म्हणून घाईने शिक्कामोर्तब करणाऱ्यांच्या वंशावळीत मेलेली मुले जिवंत होतात.

मृत्यूची पाने वाचणे जास्त जड जाते. १८९६-९७ आणि त्यामागून १८९९-१९०० असे दोन दुष्काळ वऱ्हाडाने सोसले. १८९१ साली वऱ्हाडची लोकसंख्या २८ लाख ९७ हजार होती, १९०१ ला ती २७ लाख ५४ हजारांवर आली. दहा वर्षांत वाढायच्या ऐवजी जवळजवळ दीड लाखाने घटली. पुढे १९१८ च्या शेवटच्या महिन्यांत मानमोडीची साथ. जगाने तिला स्पॅनिश फ्लू म्हटले. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा हिंदुस्थानात सर्वांत जास्त होरपळलेल्या मुलखांपैकी एक. कारणाच्या रकान्यात ‘ताप’ एवढेच लिहिलेले असते. एकाच घरातली दोन-तीन माणसे पंधरा दिवसांच्या आत ‘ताप’ने गेलेली दिसली आणि साल १९१८ असले की काय झाले ते समजून घ्यावे. वऱ्हाडातल्या कितीतरी वंशावळींत याच ठिकाणी एक फांदी तुटते, उरलेली मुले मामाकडे जातात, विधवेचा पाट लागतो आणि पुढच्या पिढीच्या आडनावाला नवा बाप मिळतो. घरातली बुढी माणसे हे सांगताना आजही आवाज उतरवतात. तो संकोच आपण समजून घ्यावा, पण नोंद करावी. लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही.

माणसे आली आणि गेली ती का, याचे उत्तर कागदापेक्षा मातीत आणि रुळांत आहे. तालुक्याच्या उत्तरेकडून पूर्णा वाहते. तिच्या दोन्ही अंगांनी खारपाणपट्टा पसरला आहे. काळी, कसदार, खोल जमीन आणि विहिरीला खारे पाणी. कोरडवाहू ज्वारी, तूर, पऱ्हाटी यांवर सारा संसार, ओलिताचा भरवसा नाही. पाऊस चुकला की विहिरीवर तगून राहायची सोय इथे नव्हती. दुष्काळात खारपाणातली गावे का रिकामी होतात आणि उमेच्या किंवा काटेपूर्णेच्या बाजूला, दक्षिणेकडच्या गावांत त्यांचे भाऊबंद का सापडतात, हे नकाशा समोर घेतल्याशिवाय उमगत नाही.

तीच काळी जमीन कापसाची. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६१ ते १८६५ चालले, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात जीआयपी रेल्वे वऱ्हाड ओलांडून १८६७ ला नागपुरात पोचली. मूर्तिजापूर, माना, कुरूम ही मोठ्या रेल्वेची स्टेशने झाली. कारंज्याचा कापूस बंड्यांत भरून मूर्तिजापूर स्टेशनाकडे येऊ लागला. पुढे किलिक निक्सन कंपनीच्या अरुंद मापाच्या गाड्या आल्या, १९०३ मध्ये यवतमाळकडे आणि दहा-एक वर्षांनी अचलपूरकडे. हीच आपली शकुंतला. मूर्तिजापूर त्यामुळे चारी दिशांचे नाके झाले. जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांपायी कच्छी, मारवाडी, गुजराती व्यापारी आले, रेल्वेत दूरदूरचे लोक लागले. आपल्या घरातल्या जुन्या सोयरिकींची गावे नकाशावर मांडून पाहा. बैलगाडीच्या एका दिवसाच्या टप्प्यातली किती आणि शकुंतलेच्या रुळाकाठची किती, हे मोजले की घराणे कोणत्या काळात सुखवस्तू झाले याचा अंदाज येतो.

कापसाच्या पैशामागून सावकार आला. या तालुक्यातल्या कर्जाची सर्वांत ओळखीची कहाणी एका लहान मुलाच्या चरित्रात आहे. डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजे आपले गाडगे महाराज. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, शेंडगाव, अंजनगाव सुर्जीच्या बाजूचे. बाप दारूपायी लवकर गेला आणि आई सखूबाई लेकराला घेऊन माहेरी आली, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. मामा चंद्रभानजींच्या घरी डेबूजी वाढला, गुरे वळली, वावर कसले, आणि सावकारी कर्जापायी मामांची जमीन गेलेली डोळ्यांनी पाहिली. कर्ज काढू नका, दारू पिऊ नका, हे पुढे त्यांनी जन्मभर कीर्तनांतून सांगितले ते या घरातून आले होते. फेब्रुवारी १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तालुका अमरावतीतून अकोल्यात गेला.

ही कहाणी मी वंशावळीच्या प्रकरणात आणतो, कारण बापाकडून बापाकडे जाणाऱ्या आपल्या नेहमीच्या वंशावळीत तिला जागाच नाही. ती वंशावळ जाणोरकरांना शेंडगावला नेऊन सोडते. दापुरा, मामा, मामांची गेलेली जमीन हे सारे त्या रेघेच्या बाहेर राहते, आणि गाडगेबाबा तर तिथे घडले. मामाकडे वाढलेली माणसे वऱ्हाडात घरोघरी आहेत. तुमच्या घरात अशी कुणी असेल तर मामाच्या गावचे गहाणखत, खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे शोधा. कर्जाच्या कागदावर घेणाऱ्याचे, जामीनदाराचे, साक्षीदाराचे नाव असते, आणि जामीन बहुधा सोयराच राहतो.

ज्यांच्याकडे वावरच नव्हते त्यांचे काय? सालदार, शेतमजूर, बलुतेदार यांची नावे खातेदारांत नाहीत. इथे परदेशातला एक अनुभव कामी येतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत घराण्याचा शोध घेणारा माणूस आधी विचारतो, आपली काउंटी कोणत्या साली आणि कोणत्या काउंटीतून फुटून झाली? कारण फुटीआधीचे दस्तऐवज सहसा जुन्या काउंटीच्या कोर्टातच राहतात. मूर्तिजापूरकराचा आणि त्याचा पहिला प्रश्न एकच. मात्र तिथे त्याला जनगणनेचे नाववार तक्ते मिळतात. ७२ वर्षांनी ते खुले होतात, १९५० चे २०२२ साली झाले. आपल्या जनगणनेतली व्यक्तींची माहिती १९४८ च्या कायद्याने गुप्त आहे, ती नातवालाही पाहता येत नाही. आणि तिथेही काळ्या कुटुंबांची वाट १८७० पाशी अडते. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांचे वय आणि लिंग मालकाच्या नावाखाली लिहिले गेले, त्यांची स्वतःची नावे लिहिलीच नाहीत. पहिल्यांदा सगळे नावानिशी आले ते १८७० ला. ज्यांच्याकडे मालमत्ता नव्हती त्यांचा इतिहास सरकारने लिहून ठेवला नाही, हे दोन्हीकडे खरे आहे. पण आपल्याकडे त्यांच्यासाठी दोन दारे उघडी आहेत. कोतवाल बुकात भूमिहीनाचाही जन्म-मृत्यू आहे, आणि शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात १९२०-३० च्या सुमारास शाळेत पाऊल टाकलेल्या पहिल्या मुलाचे नाव आहे. दलित कुटुंबांनी ते रजिस्टर सर्वांत आधी पाहावे.

सरकारबाहेरही नोंदी आहेत. सुगीनंतर भाट यायचा, पोथी उघडून घराण्याची नावे म्हणून दाखवायचा आणि नवी जन्मलेली मुले त्यात घालून बिदागी घेऊन जायचा. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ च्या आपल्या ग्रंथात मध्य प्रांतातल्या भाटांचे हे काम वर्णिले आहे. भाटाच्या नामावळीचा वरचा टोकाचा भाग, जिथे घराणे एखाद्या राजापाशी जाऊन पोचते, तो श्रद्धेचा समजावा. खालच्या चार-पाच पिढ्या मात्र बऱ्याचदा फेरफाराशी जुळतात. नाशिक, त्र्यंबक, गया, काशी इथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत याहून पक्की नोंद मिळते. तिथे गेलेल्या माणसाने स्वतः गाव आणि नाव सांगितलेले असते, कधी सहीही केलेली असते. अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळी संस्थेने हरिद्वार आणि इतर तीर्थक्षेत्रांतल्या अशा वह्यांचे मायक्रोफिल्म करून ठेवले. कारंज्याचे जैन तर याबाबतीत भाग्यवान. तिथे सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशा तीन परंपरांची मंदिरे आहेत. जुन्या मूर्तींच्या पायाशी प्रतिष्ठा करणाऱ्याचे नाव, गोत्र, बायको, मुले यांसह लेख कोरलेले असतात. विद्याधर जोहरापूरकरांनी १९५८ च्या ‘भट्टारक संप्रदाय’ या ग्रंथात असे लेख गोळा केले. बायकांची नावे मानाने लिहिलेला हा आपल्या भागातला दुर्मीळ पुरावा.

बाकी सगळीकडे बाई गाळलेली आहे. लग्नात नाव बदलले, गाव बदलले, आणि माहेरच्या वंशावळीत ती ‘मुलगी, विवाहित’ एवढीच उरली, बऱ्याचदा तीही नाही. पडताळणी समिती पितृकुळातले नातेवाईक मानते, त्यात आत्याही येते. आत्याचा माहेरच्या नावाचा शाळेचा दाखला घरच्या कोणत्याही पुरुषाच्या दाखल्याइतकाच चालतो, पण तो शोधायचे कुणाच्या मनातच येत नाही. घरातल्या वंशावळीत आपण प्रत्येक बाईपुढे चार गोष्टी लिहाव्यात: माहेरचे नाव, माहेरचे गाव, सासरचे नाव, आणि तिच्या आईचे नाव. जुन्या आजीबाईंना विचारायचे असेल तर ‘तुमचं लहानपणीचं नाव काय व्हतं?’ असे सरळ विचारा. सुरुवातीला त्या लाजतात, मग आईचे, आजीचे, मोठ्या मायचे नावही सांगून जातात, आणि कोणत्याही दप्तरात नसलेली ओळ तयार होते.

जमिनीच्या कागदांत मुली मोठ्या संख्येने आल्या त्या अलीकडे. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून अविवाहित मुलींना वडिलार्जित मालमत्तेत मुलासारखा हिस्सा दिला, देशाचा कायदा ९ सप्टेंबर २००५ ला बदलला आणि लग्न झालेल्या मुलीही त्यात आल्या. तेव्हापासून बाप गेला की वारस फेरात लेकींची नावे चढवावी लागतात. त्यांतल्या अनेक जणी भावांसाठी लगोलग हक्कसोडपत्र करून देतात. त्या कागदावर तिचे पूर्ण नाव, माहेर, सासर, वय, गाव, अंगठा किंवा सही, फोटोसुद्धा असतो. शंभर-सव्वाशे वर्षांच्या दप्तरात त्या घरातल्या बाईची एवढी सविस्तर नोंद दुसरी नसते, आणि ती तिने आपला हिस्सा सोडला त्या दिवसाची असते.